अनुभवाचा दाखला

मिरजगाव,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आशूताई,

सप्रेम जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, घरात काही बरंवाईट झालं की काय. तसं काही नाही. तुझ्या घरी नाना आणि मोठीआई बरे आहेत. थंडीमुळे नानांचे गुडघे जास्त दुखतात, पण सकाळी विहारापर्यंत चालत जाणं त्यांनी सोडलेलं नाही. नितीनदादा सुप्याला एमआयडीसीत त्याच कंपनीत आहे, रविवारी घरी येतो. आमच्याकडे अण्णा बरे आहेत. आमची सायली कोल्हारला सासरी सुखात आहे, तिला सातवा महिना लागलाय. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. तीनदा तुझा नंबर काढला आणि तिन्ही वेळा फोन खाली ठेवला. फोनवर तू 'असू दे रे' म्हणशील आणि मी ते लगेच पदरात पाडून घेईन, एवढं मी मला ओळखतो.

मी आता स्टँडसमोर सेवा केंद्र चालवतो, हे मोठीआईने तुला सांगितलं असेल. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीकविमा, कॉलेजच्या पोरींचे शिष्यवृत्तीचे अर्ज. पुण्यातली शेवटची नोकरी गेल्यावर पुढे काही मिळालं नाही, म्हणून इथे बसलो. काम वाईट नाही. माणसं रांगेत उभी राहतात, मला 'साहेब' म्हणतात, तेव्हा मात्र खाली कीबोर्डकडे बघावंसं वाटतं. पहिला फॉर्म कसा भरायचा हे मला तूच शिकवलं होतंस. बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी तू नगरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होतीस. परीक्षा तोंडावर असताना एक दिवस काढून गावी आलीस, माझा फॉर्म आधी कोऱ्या कागदावर उतरवलास, तीन वेळा वाचलास, आणि मग पेन माझ्या हातात दिलंस. आपल्या दोन्ही घरांत शिकून बाहेर पडलेलं पहिलं माणूस तू, आणि दुसरा मी व्हावं म्हणून माझ्यापेक्षा तुझीच घाई जास्त होती.

कॅनडाचंही तसंच झालं. तुझ्या मॅनिटोबाच्या त्या लहान शहरात कॉम्प्युटरची माणसं हवी आहेत आणि जवळचा नातेवाईक तिथे राहत असेल तर तिथलं प्रांत सरकार त्याला प्राधान्य देतं, हे तूच शोधून काढलंस. तिथल्या नातेवाइकाने लिहून द्यायचं की हा आला की मी याची राहण्याची सोय करीन, याला काम मिळेपर्यंत सांभाळीन. एका वेळी एकालाच लिहून देता येतं, आणि तो माणूस तिथे येऊन स्थिरावेपर्यंत दुसऱ्याला देता येत नाही. नितीनदादा तुझा सख्खा भाऊ. तोही सीएनसी मशीनवरचा पक्का कारागीर. तरी दोन्ही घरं नानांच्या ओट्यावर बसली आणि ठरलं की आधी हर्षल, मग नितीन. माझं लवकर होईल, आणि मी गेलो की नितीनदादाचा रस्ता मोकळा होईल, असं तू म्हणालीस. नितीनदादा हसून म्हणाला होता की जा बाबा, मला थंडी सोसत नाही. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. वय वाढत जाईल तसे त्या अर्जातले गुण कमी होतात, हे त्यालाही माहीत होतं.

तू ते पत्र लिहिलंस तेव्हा मला फोनवर वाचून दाखवलं होतंस. त्यात चुलतभाऊ असं लिहावं लागलं, पण हा शब्द या फॉर्मपुरताच, असं म्हणाली होतीस. मग व्हिडिओवर तुझ्या घराचं तळघर दाखवलंस. तिथे पलंग मांडला होतास, जाड पांघरूण घडी करून ठेवलं होतंस, आणि माझ्या खांद्याचं माप मागवून जाकीटसुद्धा आणलं होतंस. अजून अर्ज मंजूर झाला नव्हता, ताई. तू जाकीट आणलंस त्या दिवशी माझ्या अर्जात तो कागद आधीच जोडलेला होता.

तो कागद काय होता हे मी आजवर कुणाला माझ्या तोंडाने सांगितलं नाही. तुला लिहून सांगतो. पहिल्या कंपनीने माणसं कमी केली त्यात मी गेलो होतो आणि चौदा महिने घरी बसलो होतो. घरी बसलो म्हणजे रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचो, पुण्यातल्या एका वाचनालयात बसायचो आणि गावाकडे सांगायचो की कामावर आहे. पुढे दुसरी नोकरी लागली, पण अर्जासाठी लागणारा सलग अनुभव भरेना. तुला हे सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, थांब, वर्षभर काम कर, मग भरू. मला माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही. रामहरी नावाच्या एका ओळखीच्या माणसाने मला हवा तसा अनुभवाचा दाखला करून दिला. कंपनीचं नाव त्याचं, शिक्का त्याचा. मजकूर मी लिहिला. मी न केलेली कामं एकाखाली एक, चांगल्या इंग्रजीत.

तिथल्या अधिकाऱ्याने दाखल्यावरच्या नंबरवर फोन केला. फोन एका फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानात लागला. मग मला खुलासा मागणारं पत्र आलं, आणि मी दुसरं खोटं लिहिलं की कंपनी बंद पडली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत निकालाचा मेल आला तेव्हा मी गावीच होतो. अर्ज नामंजूर, खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं बंदी. मी तो स्टँडवर उभा राहून वाचला. समोर चौकात माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावलेला होता. मॅनिटोबाकडून अर्जासाठी बोलावणारं पहिलं पत्र आल्यावर मंडळाच्या पोरांनी लावलेला, वर बाबासाहेब, खाली माझा फोटो, आणि कोपऱ्यात लहान तुझा. त्या फ्लेक्सखालून चालत घरी आलो. अण्णा दारात विड्यांचा कट्टा सोडत बसले होते. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, काय झालं. तोंडातून जे बाहेर आलं ते मी आधी ठरवलेलं नव्हतं, पण आल्यावर मागेही घेतलं नाही.

"आशूताईनं कागद वेळेवर दिला न्हाई."

एवढंच. या एका वाक्यावर पुढची पावणेदोन वर्षं गेली. आठवड्याभरात ते गावभर झालं आणि प्रत्येक तोंडी वाढत गेलं. पोरीने आपल्या भावासाठी जागा राखली, चुलत तो चुलतच, नानांनीच आतून सांगितलं असेल. अण्णांनी नानांशी बोलणं टाकलं. दोन घरांत एक भिंत, एकच नळ, पण पाणी भरायच्या वेळा वेगळ्या झाल्या. विहाराच्या कमिटीत कुणीतरी नानांना टोमणा मारला आणि त्यांनी अध्यक्षपद सोडलं. बारा वर्षं होते ते. मी हे सगळं ऐकत होतो, जेवत होतो, झोपत होतो.

सायलीच्या लग्नाचं तुला मोठीआईने काय सांगितलं माहीत नाही. खरं असं झालं की नानांना पत्रिका शेजारच्या माणसाच्या हाती पाठवली गेली. थोरला चुलता म्हणून दीप लावायला त्यांनी पुढे असायला हवं होतं. अण्णांनी तिथे माझ्या मामांना उभं केलं. नाना आले. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, शेवटच्या रांगेत, मंडपाच्या खांबाजवळ बसले. वंदना झाली, फुलं टाकली, सायलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ताटाला हात न लावता गेले. मी पंगतीत वाढत होतो. हातातलं भांडं खाली ठेवून त्यांच्यामागे जाता आलं असतं मला. मंडपाच्या दारापर्यंत गेलोसुद्धा. मग कुणीतरी भात मागितला आणि मी वळलो. भाताला वाढणारी चार माणसं होती, ताई.

आता या महिन्यातलं सांगतो. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला असतो. नाना दरवर्षी नगरला जायचे, या वर्षी गुडघ्यांमुळे माझ्या केंद्रात आले. दुपारी, गर्दी नसताना. आयुष्यभर एसटीत तिकिटं फाडून त्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्यात, मशीन घेईना. मी त्यांचा अंगठा ओल्या रुमालाने पुसला, धरून काचेवर दाबला, असं सहा-सात वेळा. एवढा वेळ त्यांचा हात मी लहानपणानंतर कधी धरला नव्हता. शेवटी उमटला. मी दाखला छापून दिला. मग त्यांनी मोबाईल पुढे केला आणि आणखी एका कागदाची प्रिंट मागितली. त्या कागदाबद्दल शेवटी लिहितो. प्रिंट काढताना मी तो वाचला. नाना खुर्चीवरून उठले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "आशूनं मला तुझ्या दाखल्याचं पयल्याच आठवड्यात सांगितलं हुतं. तिकडं तिला पत्र आलं हुतं."

मी विचारलं, "मंग तुमी कुणाला बोलला का न्हाई, नाना?"

"सायलीचं जमायचं हुतं. खोट्या कागदाचं नाव निघालं असतं तर सोयरीक मोडली असती. आशू म्हनली, नाना, माझ्यावर राहू द्या, मी लांब हाय."

प्रिंटचे पैसे टेबलावर ठेवून ते गेले. म्हणजे त्या खांबाजवळ ते सगळं माहीत असून बसले होते. मला वाटत होतं की मी त्यांना फसवतोय, आणि ते मला सांभाळत होते. तुम्ही दोघं रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांना सांगितलं. ते शेळीला पाला टाकत होते. मी दाखल्यापासून दारातल्या त्या वाक्यापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. पाला संपला तरी हात तसाच पुढे होता. मग एवढंच विचारलं, "लग्नात दादा शेवटच्या रांगंत बसला हुता, तवा तुला हे समदं म्हाईत हुतं?"

मी "व्हय" म्हणालो.

त्यांनी मला मारलं नाही, शिवी दिली नाही. मारलं असतं तर बरं, असं म्हणण्याचाही मला हक्क नाही. आज त्याला अकरा दिवस झाले. माझ्याशी ते बोलत नाहीत. रोज सकाळी टोपी घालून नानांच्या दाराकडे निघतात, नळापर्यंत जातात आणि परत येतात. अपराध माझा आणि थोरल्या भावासमोर उभं राहायची लाज त्यांना. काल मोठीआईच नळावर आली आणि त्यांची बादली आधी भरून दिली. अण्णा ती तिथेच सोडून घरात आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. सायलीलाही मी फोनवर सांगितलं. ती रडली आणि म्हणाली की काही दिवस फोन करू नकोस. शुक्रवारी विहारात कमिटीपुढे उभा राहून सांगितलं. केंद्रातली रांग या दोन दिवसांत कमी झालीय, ते बरोबरच आहे.

आता नानांनी छापून घेतलेल्या कागदाबद्दल. नितीनदादासाठी तू दिलेलं पत्र तिथल्या ऑफिसने अडवलंय. आधी ज्याच्यासाठी सही केली होती त्याचा दाखला खोटा निघाला, तेव्हा हे तुम्हाला ठाऊक होतं का, असं त्यांनी तुला विचारलंय आणि उत्तराला महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. नानांनी माझ्याकडे काही मागितलं नाही, फक्त प्रिंट काढायला लावली. या पत्रासोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे. कर्जतला नोटरीसमोर केलंय. दाखला खोटा होता, मजकूर माझा होता, मी तो माझ्या बहिणीपासून लपवला आणि तिला निकालाआधी काहीही माहीत नव्हतं, असं त्यात आहे. खाली माझी सही आणि पासपोर्टचा नंबर आहे. तीन वेळा वाचलं. माझी बंदी उठल्यावर मला पुन्हा प्रयत्न करता यावा म्हणून तू हा कागद ड्रॉवरमध्ये ठेवून देशील आणि ऑफिसला काहीतरी मोघम लिहिशील, ही भीती मला आहे, कारण एकदा तू माझा दोष असाच स्वतःवर घेतलायस. म्हणून तुला विचारलं नाही. त्याची प्रत मी काल संध्याकाळीच त्यांना मेलने पाठवली, पोच आली आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर ती त्यांनी वाचलेलीसुद्धा असेल.

तुझाच,
हर्षल