शेरा : वर्गात बोलत नाही

७ जुलै, सोमवार

रोजच्या पाठांच्या टाचणवहीत आजपासून नवा रकाना. नाव 'नावीन्य', रुंदी दीड इंच. चोवीस वर्षं संस्कृत शिकवतोय, त्यात दीड इंचही नावीन्य नव्हतं असा कोणाचा तरी निष्कर्ष दिसतो. शिवाय आखणाऱ्याने समास खाल्लाय. शेवटची दोन अक्षरं शिलाईत जातात. दाद कोणाकडे मागावी?

मुख्याध्यापक म्हणाले, "शास्त्रीबुवा, आठवड्याला एक नवी कल्पना. आणि ऑगस्टात तालुक्यातल्या शिक्षकांसमोर नमुना पाठ तुमचा."

"माझाच का?"

"विज्ञानात नवं केलं तर कोणी बघत नाही. संस्कृतात केलं तर लोक उठून बसतील."

तर्क बिनतोड. या आठवड्याच्या रकान्यात लिहिलं : यथाशक्ति. त्यांनी न वाचता सही केली.

९ जुलै, बुध.

विज्ञानाच्या वैशाली मॅडम (वय तीस, उत्साह अठराचा) यांनी मधल्या सुट्टीत फोनवर पाठाच्या कल्पना शोधायला शिकवलं. सुकाळ आहे. श्लोकांची लंगडी. धातूंचे पत्ते. एका ठिकाणी तर शिक्षकाने मुकुट घालून वर्गात यावं. धुळे-पारोळा एस.टी.त मांडीवर मुकुट घेऊन बसलेला मी. कंडक्टर त्याचंही तिकीट फाडेल. मॅडम पोट धरून हसल्या.

मला नक्की काय हवंय ते त्यांना सांगितलं नाही. इथे लिहितो.

मे महिन्यात धुळ्यात कान तपासले. दोन्ही. बारीक आवाज जात चाललेत. मुलांचे, त्यातून मुलींचे, त्यातून लांबून आलेले. डॉक्टर म्हणाले, मशीन लावा. मी म्हणालो, बघू. सुमनला माहीत आहे. तिला तोवर वाटत होतं, न ऐकणं हा नवऱ्याचा स्वभाव आहे. शाळेत कोणालाच माहीत नाही.

तेव्हा मला असा पाठ हवा की जो कानांवाचून चालेल. हे त्या फोनला कसं विचारायचं?

१४ जुलै, सोम.

सापडला. सगळ्यांनी उत्तर पाटीवर लिहायचं, खूण केली की एकदम वर धरायचं. पाट्यांसाठी बाजारपेठेत शेठजींकडे गेलो.

"पाट्या? सर, कोणत्या जमान्यात आहात? माळ्यावर असतील तर बघतो." धूळ झटकत चाळीस काढून दिल्या. वर म्हणाले, "नातवंडं झाली वाटतं?"

नववीच्या वर्गात पहिला प्रयोग. चाळीस पाट्या एकदम वर. चाळीस उत्तरं मला दिसली. किती दिवसांनी अख्खा वर्ग माझ्याशी बोलला! खडूचा वास, पोरांचा दंगा (तो ऐकू येतो), मी खूश.

मुख्याध्यापकांनी फोटो काढला. रकान्यात लिहिलं : प्रत्येक विद्यार्थ्याचा सहभाग. खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

१९ जुलै, शनि.

सकाळची शाळा. मुलींच्या रांगेतला शेवटचा बाक, खिडकीकडून दुसरी : दीपाली. पाच दिवस तिची पाटी बघतोय. एकही चूक नाही. अक्षर मोत्याचं नाही, पण उत्तर पक्कं. काल तर प्रश्न पुरा होण्याआधी पाटी वर.

या मुलीकडे मागच्या वर्षी माझं लक्ष कसं गेलं नाही? आठवीला मीच होतो. सुट्टीत कपाटातून प्रगतिपत्रकाची प्रत काढली. दोन्ही सत्रांत शेरा एकच, हस्ताक्षर माझं : वर्गात बोलत नाही. सहभाग नगण्य.

'नगण्य'. शब्द तेव्हा आवडला असणार.

२८ जुलै, सोम.

तास संपल्यावर तिला थांबवलं. "इतकं येतं, तर मागच्या वर्षी तोंडाला कुलूप का होतं?" मी आपला लाडाने विचारलं. ती पाटी पुसायला लागली. शेजारीण कोमल दप्तर भरत होती. तिला राहवलं नाही. माझ्याजवळ येऊन, मोठ्याने :

"ती ते मांगला वरीसले रोज उत्तर दे, सर. तुम्ही दुसराले उठाडतस."

ती रोज उत्तर द्यायची. मी दुसऱ्याला उभं करायचो.

दीपालीने तिला कोपर मारलं. दोघी गेल्या.

वैशाली मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं. "दीपाली? ती नाही हो बोलत. तोंडी परीक्षेतही गप्प. सातवीपर्यंत बरी बोलायची म्हणे. वयच असतं ते."

वय नसतं ते.

वर्षभर एक मुलगी उत्तर देत होती. तिच्या डोक्यावरून नजर फिरवून मी म्हणत होतो, कोणालाच येत नाही? पुढे… पुढे जाऊ.

एस.टी.त जागा मिळाली तरी उभा होतो. का, ठाऊक नाही.

६ ऑगस्ट, बुध.

नमुना पाठाची तयारी. मुख्याध्यापकांनी त्याला नावही दिलंय : 'मौन पाठ'. फलक रंगवायला दिला. मी म्हणालो, थोडं तोंडीही घेऊ. "कशाला मोडता घालता? मौन हेच तर नावीन्य!"

तरी आज वर्गात फळा सोडला. शेवटच्या बाकापाशी जाऊन उभा राहिलो, दोन हातांच्या अंतरावर. "दीपाली, पाटी ठेव. तोंडाने सांग."

उभी राहिली. ओठ हलले. आवाज आला की नुसतेच हलले, हे मला कळलं नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली. म्हणालो, "छान."

कोमलने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या 'छान'ला माझ्या अख्ख्या नोकरीत तोड नसेल.

८ ऑगस्ट, शुक्र.

पाठ झाला. साठेक शिक्षक, मागे उभे, फोन वर धरलेले. पोरांनी पाट्या अशा एकदम उचलल्या की मलाच भरून आलं. टाळ्या. नंतर प्रश्न. अमळनेरकडच्या एका तरुण शिक्षकाने विचारलं, "सर, ही कल्पना मुळात सुचली कशी? आम्हालाही आमच्या वर्गासाठी असं काहीतरी हवंय." प्रामाणिक होता. वही उघडून बसला होता.

मी म्हणालो, "मुलांकडे बघून."

त्याने ते लिहून घेतलं.

घरी सुमनला सगळं सांगितलं. पोळी लाटता लाटता तिने एवढंच विचारलं, "कानाचं सांगितलंत?"

"नाही."

"मग टाळ्या कशाच्या घेतल्या?"

मी पाणी प्यायला उठलो.

११ ऑगस्ट, सोम.

सकाळी आधी मुख्याध्यापकांकडे गेलो. म्हणालो, दीपालीचा मागच्या वर्षीचा शेरा बदलायचाय. "जुनी नोंद? आणि कारण काय दाखवू?" खरं कारण सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "बसा, बुवा." चहा मागवला. शेऱ्याचं काय ते बोलले नाहीत.

नंतर नववीत. हजेरी न घेता सांगून टाकलं. मला कमी ऐकू येतं. उत्तर देऊनही मी दुसऱ्याला विचारलं असेल, तर चूक माझ्या कानांची. माझी.

कोमल उभी राहून, मोठ्याने : "बठ्ठासले माहीत शे, सर."

सगळ्यांना माहीत होतं. हसलो. तेही हसले. दीपाली नाही. तिच्याजवळ जाऊन म्हणालो, तुझा शेरा चुकीचा लिहिलाय मी. तिने मान हलवली. बोलली नाही. आज पाटी घेतली नव्हती, तोंडीच तास होता. तिला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा ती नुसती उभी राहिली. उद्या पुन्हा विचारीन.

शनिवारी दुपारी धुळ्यात मशिनचं माप देऊन आलो. निघताना विचारलं, हे सुरू कधी झालं असेल? डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. हळूहळू होतं, माणसाला स्वतःला आठ-दहा वर्षं पत्ताही लागत नाही.

इतक्या वर्षांत 'वर्गात बोलत नाही' असं मी पुष्कळांच्या प्रगतिपत्रकावर लिहिलंय. नावं आठवत नाहीत. कोणी कामाला सुरतेला असेल, कोणी नांदायला गेली असेल. त्यातले किती जण बोलत होते, हे मला आता कधीच कळणार नाही, आणि मला याचीच भीती वाटते.