सी मधून डी काढताना

३ जून
सूनबाई मनीषाला शिकवण्यांसाठी कॉम्प्युटरमध्ये स्वतंत्र जागा पाहिजे. म्हणाली, "नाना, सगळं सी ड्राइव्हमध्येच कोंबलंय. डी वेगळा काढू." काढ म्हटलं. पण सौ.चा आवाज त्यातच आहे. घशाच्या ऑपरेशनआधी नातीसाठी सांगून रेकॉर्ड केलेल्या तेवीस गोष्टी. आता बोलणं बंद, पाटीवर लिहिते. उभ्या पिकातून बांध घालायचा, धाकधूक होणारच.

४ जून
डेस्कटॉपवरच्या तेवीसही पेनड्राइव्हवर घेतल्या. स्वतः! चुटकीसरशी झालं. मनीषाला ऐटीत सांगितलं, बॅकअप तयार, बिनधास्त कर.

५ जून
दुपारी काम निम्म्यावर आणि लाइट गेली. इन्व्हर्टर फक्त दिवे-पंख्यांना. लाइट आली, पण कॉम्प्युटर चालूच होईना. मी म्हटलं, घाबरू नको पोरी, पेनड्राइव्ह आहे ना.

शेजारच्या झेरॉक्सवाल्या रफिकभाईकडे लावला. एकही गोष्ट वाजेना. "नाना, ह्ये नुसते शॉर्टकट हायेत. घराचा पत्ता आनलाय तुमी, घर न्हाई."

घरी मनीषा रडली. चूक माझी, रडते ती. गाढव आहे मी.

६ जून
सौ.ला सांगवेना. ताट तसंच सारलं. शेवटी तिनंच पाटी पुढं केली. "काय लपवताय?"
सांगून टाकलं. वाटलं, चिडेल. हसली. हसण्याला आवाज नाही, खांदे हलतात फक्त. मग लिहिलं, "मी कुठं ऐकते त्या? तुम्हीच बसता कानाला हेडफोन लावून."
म्हणजे हिला ठाऊक होतं. नात केव्हाच कार्टूनकडं वळली. रोज दुपारी ऐकणारा मीच. लाज वाटली, बरंही वाटलं.

७ जून
राहुरीहून एस.टी.नं नगरला. कॉम्प्युटरची डिस्क गेलेल्या फायली काढून देणाऱ्या दुकानात दिली. दुकानदार म्हणाला, बघतो, खात्री नाही. येताना सौ.ला जांभळं आणली.

१४ जून
दुकानदाराचा फोन. आवाजाच्या काही फायली निघाल्यात, नावं उडालीत, धड किती ते माहीत नाही. एक मोबाइलवर पाठवली. तुमचीच का, ऐकून सांगा म्हणाला.

तासभर झाला, लावली नाही. नुसती खरखर निघाली तर? डोळे मिटून तिचा आवाज आठवून पाहिला. फक्त "अहो" तेवढं नीट आठवतं. बाकी सगळं पुसट. लई भ्यालो.

सौ. शेजारी येऊन बसली. पाटीवर लिहिलंय, "लावा. मी आहे ना."