तळ्याच्या सहलीतली शेवटची जागा

२ फेब्रुवारी, रविवार

आणि पिशव्या शिवायला मात्र मी चालते! अख्ख्या ग्रुपच्या सायकलींना मागं लावायच्या पिशव्या कुणी शिवल्या? मी. पाणी न शिरणारं कापड, दुहेरी शिलाई, कोपऱ्याला रेक्झिनचं ठिगळ. तेव्हा वहिनी, वहिनी. आज मी म्हटलं मीपण सायकलवर येणार, तर नणंदबाई म्हणते, वहिनी, तुम्ही सामानाच्या व्हॅनमध्ये बसा ना, खिडकीतून सगळं दिसतं. खिडकीतून मला शिवणाच्या दुकानातही दिसतं. समोरची भिंत.

शाळेत खेळाची बाई आहे म्हणून काय मलाही शिट्टी वाजवून रांगेत उभी करणार? ह्यांची धाकटी बहीण ती. मी लग्न होऊन आले तेव्हा तिची वेणी मी घालायचे.

सहल चार दिवसांची. डोंगरातली जुनी रेल्वे बंद झाली, रूळ काढले, आणि तिथं नदीच्या कडेनं सायकलींचा रस्ता केलाय. मोटारींना बंदी. हॉर्न नाही, धूर नाही, एका तळ्याकडून दुसऱ्या तळ्याकडं जायचं. चार दिवस कुणी म्हणणार नाही की जरा कमरेत सैल करून द्या. मला असंच पाहिजे. मी मुळात शांत स्वभावाची.

एकच जागा उरलीय. ट्रायल द्यावी लागेल म्हणाली. त्याच रस्त्याच्या सुरुवातीला वरच्या तळ्याचा चढ आहे, तो सायकलवरून न उतरता चढायचा. आणि पुढं लव्हाळ्यात पक्ष्यांची घरटी आहेत, तिथून जाताना तोंडातून आवाज काढायचा नाही. मी म्हटलं, एवढंच? तर हसली. का हसली, ते तासभर विचारत होते. सांगेना.

३ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे

उद्यापासून पहाटे उठणार. आज उठलेय ते फक्त हे लिहायला.

लेकीची सायकल घेतली. ती पडूनच असते. लेक म्हणाली, आई, तुला सवय नाही, आधी सपाटीवर चालव. सवय नाही म्हणे! जन्म गेला माझा पायमशीनवर. तेवढे पाय रस्त्यावर मारले असते तर एव्हाना समुद्र आला असता. चढाचं मला काही वाटत नाही. पायमशीनवर जाड सतरंजीला काठ मारून दाखवा म्हणावं, मग चढाच्या गोष्टी करा.

कमी बोलायचं ठरवायची गरज नाही. तरी ठरवलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

सराव झाला नाही. हॉटेलच्या पडद्यांचं काम आलं. पण मनाची तयारी जोरात आहे. दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला सहलीचं सांगितलं. ज्या गप्प बसल्या त्यांना दोनदा सांगितलं. सांगता सांगता एका गृहस्थांची पँट घोट्याच्या वर गेली. त्यांनी मध्ये मध्ये प्रश्न विचारायला नको होते.

ह्यांना विचारलं, मला जमेल ना? ह्यांनी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते नेहमीसारखं कळलं नाही. हे वाचनालयात पुस्तकं जागेवर लावतात. तिथं तोंड उघडायची पाळी येत नाही, आणि घरी आल्यावर सवय सुटत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. ट्रायल

चढ चढले. अगदी वरपर्यंत चढले. मध्ये उतरले ते माझ्यासाठी नाही, सायकल तापली होती. मग एकदा बूट बघायला. मग नजारा बघायला, कारण नजारा बघायचा नाही तर आलो कशाला? वरचा थोडासा तुकडा चालत गेले. सायकल हातात होती. म्हणजे सायकलीसकट चढले. नियमात सायकल पायाखालीच पाहिजे असं कुठं होतं?

लव्हाळ्यात तर मी चकार शब्द काढला नाही. फक्त ग्रुपमधल्या, माझ्या पुढं चाललेल्या डॉक्टरीणबाईंना हळूच सांगितलं, बघा, किती शांत आहे! मग त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून परत सांगितलं. तर एवढे पक्षी भर्रकन उडाले. आता पक्षी आहेत, उडणारच. ते काय शिवण शिकणार?

नणंद लाल झाली. म्हणते, वहिनी, हात जोडते, पुढच्या रविवारी शेवटची ट्रायल, आणि तोंडाला टाचणी मारून या. मी म्हटलं, टाचणी मारत नाहीत, टोचतात.

उतारावर ब्रेक भयंकर किंचाळतात. पक्षी त्याच्यानंच उडाले असणार! आणि नाव घेतात माझं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ब्रेकचा बंदोबस्त केला. यंत्र ओरडायला लागलं की ते तेल मागतं, एवढं कुठल्याही शिवणारीला कळतं. मशीनच्या तेलाची बुधली आणली, आणि ब्रेकच्या रबरांना, तारांना, चाकाच्या कडेला सगळीकडं सोडलं. हात राखला नाही. चाक असं फिरतंय की बोट लावलं तरी थांबत नाही. आवाज शून्य.

कोपऱ्यावरचा सायकलवाला मागं म्हणाला होता, बाई, काही असलं तर माझ्याकडं आणा. कशाला? मी त्याच्याकडं शर्ट शिवायला पाठवते का?

१६ फेब्रुवारी, रविवार. घरी. पाय बादलीत

चढ जवळजवळ न उतरता चढले. एकदाच उतरले, तेही जोराची शिंक आली म्हणून.

लव्हाळं त्या चढाच्या पलीकडं, खालच्या तळ्याला जायच्या उतारावर. सगळे एका मागं एक, चिडीचूप. मीपण चूप. ओठ घट्ट. आणि सायकल पळायला लागली. ब्रेक दाबला. नुसता गुळगुळीत. आणखी दाबला. सायकल म्हणाली, चला बाई. मग डॉक्टरीणबाईंच्या पाठीवर जाऊन आदळायचं का? मी ओरडले, बाजूला व्हा! व्हा बाजूला! अहो ताई! ए नणंदे! हे बोलणं धरायचं नाही. हा हॉर्न होता.

तळ्यात गेले. मांडीभर पाणी.

बाकीचे अजून वळणापलीकडं होते. मी चिखलात बसलेली, सायकल शेजारी आडवी. कुणी हाक मारत नव्हतं. पाण्यावर डोंगर उलटा दिसत होता. किती तरी वेळ मी एक अक्षर बोलले नाही. खरंच नाही बोलले. आणि हे बघायला तिथं एक माणूस नव्हतं. मी बोलते तेव्हा सगळे हजर.

मग आलेच. नणंदेनं ब्रेकला हात लावला, वास घेतला आणि विचारलं, वहिनी, तेल? मी म्हटलं, हो, उत्तम प्रतीचं. ती दगडावर बसली आणि हसत बसली. रडली असती तरी चाललं असतं.

हे खालच्या तळ्यावर डबा घेऊन बसमधून आलेच होते. ह्यांनी पुढं होऊन तळ्याच्या राखणदाराच्या नळावर साबण मागून चाकं धुतली, रबरं घासली, पुसून कोरडी केली. मला व्हॅनमध्ये घातलं, चादरीत गुंडाळून. सायकलीला व्हॅनमध्ये जागा नव्हती. हे म्हणाले, मी आणतो. आजचं त्यांचं तेवढंच बोलणं.

ट्रायल रद्द धरायला पाहिजे. उतार जास्त आहे तो. आधी मोजून का घेत नाहीत?

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात नणंदेचा फोन. जागा भरली म्हणाली. मी म्हटलं, कुणी भरली? तर म्हणाली, दादानं.

कुठला दादा, असं मी दोनदा विचारलं.

काल परतताना हे ग्रुपच्या मागून आले म्हणे. मोटारींना बंदी, व्हॅन दुसऱ्या रस्त्यानं, म्हणून मला काही दिसलं नाही. लव्हाळ्यातून आले तर एक पक्षी उडाला नाही. उलट एक चालत रस्त्यावर आला. मग तो उतार, जो आता चढ झाला होता, तो हे एकदाही न उतरता चढले. लेकीच्या सायकलवर, ऑफिसची पँट घालून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, हेच पाहिजेत आपल्याला! नणंद म्हणते, दादाला विचारलं येतोस का, तर तो नाही म्हणाला नाही.

ते कशालाच नाही म्हणत नाहीत! मलाही म्हणाले नव्हते!

घरी येऊन बघते तर हे पायाला तेल चोळतायत. चेहऱ्यावर हसू. इतक्या वर्षांत असं हसू मी शिवलेल्या एकाही कपड्याला मिळालं नाही. विचारलं, जाणार? मान हलली. विचारलं, माझ्या जागेवर? परत मान हलली. तशीच.

मग नणंदेला बोलावून घेतलं आणि दोघा बहीण-भावांना समोर बसवून सांगितलं. नदी माझी बघायची राहिलीय, ह्यांची नाही, ह्यांनी कधी मागितलीही नव्हती. तळ्यात बसून मी गप्प होते, ते धरा. व्हॅनमध्ये मी बसणार नाही, चादरीत तर नाहीच. शनिवारी तुमची यादी बंद होते. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी, मी दुकानाचं शटर ओढायच्या आत, मला सांगायचं, सायकलवर मी जाणार की हे. आणि ते ह्यांनी सांगायचं. तोंडानं. मान हलवलेली चालणार नाही.