शेजारची सीट

प्रिय डार्सी,

बुधवारी तू हात पुढे करून तुझ्याच गाडीची किल्ली माझ्याकडे परत मागितलीस, त्या क्षणी माझं सगळं बदललं. एरवी तू किल्ली माझ्या तळहातावर ठेवायचीस, मागच्या सीटवर आडवी व्हायचीस आणि तोंडावर टॉवेल ओढून म्हणायचीस, "हं, चालू दे तुझं खेकडापुराण." आपल्या बेटाला किनाऱ्याशी जोडणारा खाडीवरचा तो लांबलचक पूल मी तुझ्या टॉवेलशी गप्पा मारत ओलांडायचो. येताना टोलच्या कमानीखालून गेलो की तुझा हात आपोआप टॉवेलच्या कडेला घट्ट व्हायचा. आरशात मला एवढंच दिसायचं, तुझी बोटं. प्रेमात पडायला माणसाला किती कमी पुरतं!

पुलाला घाबरणाऱ्यांना त्यांच्याच गाडीतून पलीकडे पोचवायच्या आमच्या धंद्यात मालकीणबाई मिस ओपलचा नियम एकच: गाडी चढाला लागली की तोंड बंद पडता कामा नये. पाणी, वारा, उंची, यांचं नाव काढायचं नाही, बाकी वाट्टेल ते बोला. मधली लेन धरा, काचा वर, नजर पुढच्या गाडीच्या पाठीवर, गिऱ्हाइकाच्या गालात चघळायला टॉफी. आणि पलीकडच्या जमिनीवर चाकांचा आवाज बदलेपर्यंत 'आलंच' म्हणायचं नाही, कारण ते खोटं असतं आणि घाबरलेल्या माणसाला खोटं लगेच कळतं. जन्म आरमारात घालवलेले एक आजोबा आमच्याकडे येतात, ते मागे घोंगडी पांघरून बसतात. आम्ही कुणाला हसत नाही. तुलाही कधी हसलो नाही, आठवतंय ना?

पलीकडच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून तुझी नेमणूक झाली, सोमवारपासून हजर व्हायचं. मी आनंदाने नाचायला हवं होतं. पण रोजच्या रोज कुणी तुला पोचवणार नाही, हे तुला माझ्याआधी समजलं. म्हणून तू किल्ली मागितलीस. "गाडी मी चालवते, ग्रॅडी. तू नुसता शेजारी बस आणि बोलत राहा," म्हणालीस. जमलं नाही तर पलीकडेच खोली घेईन, असंही म्हणालीस, खाली बघत.

आणि मी काय केलं? किल्ली बॉनेटवर आपटली. "मी चालवणारा माणूस आहे, बसणारा नाही. दुसरा कुणी बघ." तू किल्ली उचललीस. मिस ओपल मात्र ऑफिसच्या खिडकीतून ओरडल्या की या पोराच्या तोंडाचा वारा सुटला की पूलच बंद ठेवायला हवा. बाकीचे ड्रायव्हर खो खो हसले. तुला वाटलं असेल, याला माझी भीतीच हवी होती. भीती गेली की याचं काम संपलं. खरं सांगतो, तसं असतं तर बरं झालं असतं.

कॉलेज मी का सोडलं, ते तुला ठाऊक आहे. सगळ्या बेटाला ठाऊक आहे. प्राध्यापकाशी भांडलो, पुस्तक भिरकावलं, निघून आलो. ऐकणाऱ्याला लगेच पटतं, कारण मी आहेच तसा. पण ते पुस्तक कधी भिरकावलंच गेलं नाही. तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. मित्राच्या गाडीत शेजारी बसून मी पलीकडे जायचो. एका सकाळी वाऱ्यामुळे पुलाच्या माथ्यावर रांग थांबली. गाडी नुसती डोलत होती. माझ्या हातात धरायला काही नव्हतं, दाबायला ब्रेक नव्हता. मी दाराचं हँडल ओढायला लागलो. मित्राने माझी कॉलर धरून ठेवली, म्हणून आज हे लिहितो आहे. त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि मी परत कॉलेजला गेलो नाही.

पुढे मिस ओपलचा एक ड्रायव्हर आला नाही म्हणून त्यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं, आणि काय चमत्कार, चाक हातात आलं की भीती गायब! तेव्हापासून मी लोकांची भीती वाहतो. माझी कुणी वाहिली नाही, कारण मी ती कुणाकडे दिलीच नाही.

आज रविवार. काल रात्री तुला एवढंच कळवलं की सकाळी ये, मी बसतो. तुला वाटेल राग उतरला. आता तुझा हॉर्न ऐकू येतोय, म्हणून हे पत्र का लिहिलं ते सांगून टाकतो. आज पुलावर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. तू विचारशील, खेकड्यांचं काय झालं, आणि मी गप्प असेन, मुठी आवळून. ते रुसणं नाही, डार्सी. म्हणून जे बोलायचं ते आधीच कागदावर उतरवलं; पलीकडे पोचल्यावर तुझ्या हातात देईन. गाडीत बसताना तुला एवढंच सांगेन: आज बोलायचं काम तुझं. मी टॉफी घेतली आहे, दोघांना पुरेल एवढी. तुझा टॉवेल मागच्या सीटवर असेलच, तो मी मागून घेईन, हसू नकोस. चाकांचा आवाज बदलेपर्यंत 'आलंच' मात्र म्हणू नकोस.

पुन्हा हॉर्न. आलो, आलो. कागद खिशात घालतो आणि दार ओढून घेतो.

आजपासून तुझ्या शेजारी बसणारा, तुझाच
ग्रॅडी