युरियाचं शेवटचं पोतं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (पाठ धरल्यामुळे उभ्यानेच घालतो आहे, गोड मानून घे). दाजींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे मजेत आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

खरं म्हणजे माझं खताचं दुकान एका पोत्यावर अडलं आहे. सवलतीचा युरिया विकायचा तर गिऱ्हाइकाचा अंगठा सरकारी यंत्रावर उमटवावा लागतो, हे तुला ठाऊक आहे. (निम्म्या गिऱ्हाइकांचे अंगठे मातीत झिजलेत. यंत्र त्यांना ओळखत नाही आणि शिव्या मी खातो.) आता नवा नियम असा की यंत्रातला जुना साठा शून्य झाल्याशिवाय नवा ट्रक मिळणार नाही. यंत्र म्हणतं एक पोतं शिल्लक. मीही म्हणतो एक पोतं शिल्लक. फक्त त्या पोत्यावर बाबा बसले आहेत.

दुकान माझ्या हाती दिल्यापासून दाराजवळचं ते पोतं म्हणजे त्यांची गादी. ओल धरून युरियाने त्यांच्या बैठकीचा आकारसुद्धा घेतला आहे. मी पंख्याखाली चांगली खुर्ची मांडली, तिच्यावर मांजर झोपतं. हात जोडून सांगितलं, माणसं हात हलवत परत जातायत, त्यांची पिकं पिवळी पडतायत. बाबा सगळं ऐकून घेतात आणि कान कोरत बसतात.

सोमवारी खत निरीक्षक साठा मोजायला आले. माणूस सज्जन, पण नियमाला पक्का. म्हणाले, सवलत पिकासाठी आहे, बसण्यासाठी नाही. हा गैरवापर झाला. बाबांनी शांतपणे विचारलं, "साहेब, तुम्ही कचेरीत बसता ती खुर्ची कुणाच्या पैशाची?" निरीक्षक वहीत 'पोतं एक, वापरात' असं लिहून चहा पिऊन गेले, आणि जाताना मला आठ दिवसांची मुदत देऊन गेले. नाहीतर परवाना जाईल.

तर ताई, ओढ्याकडचा तुकडा तुझ्या नावावर आहे, म्हणजे यंत्राच्या लेखी तू शेतकरी. येऊन अंगठा लाव आणि पोतं ने. दुसऱ्या कुणाला विकलं तर बाबांना उठवायचं कुणी? "आता घरी बसा" असं तू म्हणालीस आणि "तू तुझं घर बघ" असं ते म्हणाले, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तू इकडे फिरकली नाहीस. दोघांचाही हेका सारखाच, मधल्या मध्ये मी भरडला जातो.

तुझा धाकटा

ता. क. दाजींनाही आण. पोतं उचलायला नव्हे, गुडघ्याचं माहीत आहे.

ता. क. २. वरचं सगळं मंगळवारचं. पोतं काल गेलं. शेजारच्या मळ्यातली म्हातारी पिवळं पडलेलं रोप हातात घेऊन दारात उभी राहिली, तसे बाबा आपणहून उठले. उद्या ट्रक येतोय, परवानाही वाचला. हे पत्र फाडणारच होतो. पण आज बाबा एक रिकामं खोकं ओढून पुन्हा दारातच बसले, भर उन्हात. आत चला म्हटलं, तर म्हणाले, "आतून बस दिसत नाही." आपल्या रस्त्याला एकच बस आहे ताई, तुझ्या गावाहून येणारी.