मेंढवाड्यामागचे चार दगड

तीर्थरूप थोर्गिल्समामांस, भाचा कोलबेइन याचा रेक्याविकहून, अंगात दोन स्वेटर असताना केलेला (म्हणून पुरता न वाकलेला) नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? हरवलेली मेंढी सापडली का, की अजून शेजाऱ्यावरच संशय आहे? इकडे मी ठीक आहे, असं निदान हे पत्र संपेपर्यंत धरून चालावं.

मी नोकरीत नक्की करतो काय, असं आपण दर वेळी विचारता आणि उत्तर येण्याआधी रेडिओ लावता. म्हणून लिहूनच कळवतो. धुरातला जो वायू जगाला तापवतो, तो पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या काळ्या दगडात सोडला, की कालांतराने त्याचा पांढरा दगड होतो आणि तो पुन्हा वर येत नाही. कुठल्या दगडात हे किती लवकर होतं, ते आम्ही आधी प्रयोगशाळेत पाहतो. दगड कुटायचा, सात पाण्यांनी धुवायचा, वायूच्या पाण्यासकट पोलादी भांड्यात कोंडायचा, भांडं भट्टीत ठेवायचं आणि सात महिने वाट पाहायची. (आपण याला ‘सोड्याच्या पाण्यात दगड शिजवणं’ म्हणाला होता. याहून चांगली व्याख्या आमच्याकडे कोणालाही जमलेली नाही.) हे सगळं हेर्दिसबाईंच्या देखरेखीखाली चालतं. बाईंनी एकोणीस वर्षांत कोणाचं कौतुक केलेलं नाही, आणि येत्या जुलैअखेर त्या निवृत्त होणार आहेत.

ऑक्टोबरात बाईंनी मला आपल्या नदीपलीकडच्या कड्याचा दगड आणायला धाडलं. कड्याचाच, असं दोनदा बजावून. मी वाटेत आपल्याकडे कॉफीला टेकलो. मामींनी धुरी दिलेल्या मटणाचे काप घालून भाकऱ्या वाढल्या, मग पुन्हा वाढल्या. आपण मेंढीचं प्रकरण पहिल्यापासून सांगितलंत. मला डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हा नदी फुगलेली, उजेड गेलेला. आता या देशात जिथे पाय ठेवाल तिथे काळा दगड. कड्यावरचा काय आणि मेंढवाड्यामागचा काय, सगळी ज्वालामुखीचीच लेकरं, असा मी विचार केला. (विचार भाकऱ्यांनी केला, मी नव्हे.) मेंढवाड्यामागचे चार दगड गाडीत टाकले आणि पिशवीवर कड्याचं नाव लिहिलं. धुताना सातऐवजी तीन पाण्यांवर भागवलं, तेही इथेच सांगून टाकतो.

अकराव्या दिवशी भांड्यात पांढरे कण दिसले. सात महिन्यांचं काम अकरा दिवसांत! बाई खुर्चीवर बसल्या (त्या कधी बसत नाहीत), आणि काल, मंगळवारी, स्वतः भाजलेला केक घेऊन आल्या. पुढच्या गुरुवारी परदेशी पाहुण्यांसमोर त्या हा निकाल वाचणार आहेत. अडचण एवढीच, की परवा सोमवारी मी ते कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर एकावर बारीक, समांतर रेघा होत्या. दगडावर तशा रेघा नसतात, शिंपल्यावर असतात. आपण दर वर्षी गवताच्या शेतात टाकायला शिंपल्यांची वाळू मागवता आणि तिचा ढीग मेंढवाड्यामागे घालता, हे मला तेव्हा आठवलं. म्हणजे आम्ही वायूचा दगड केलेला नाही. आपलाच चुना विरघळवून पुन्हा गोठवला आहे. हे एखाद्या पाहुण्याच्या लक्षात आलं, तर बाईंच्या एकोणीस वर्षांचं हसं होईल. मला वाईट वाटतं. माझी नोकरी जाईल याचंही वाटतं, पण तितकं नाही, आणि याचं मला नवलच वाटलं.

मामींना नमस्कार सांगावा, गुडघ्याला जपावं, आणि शेजाऱ्याला पुराव्याअभावी सोडून द्यावं.

आपला,
कोलबेइन

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. बाई शनिवारी कड्याचा आणखी दगड आणायला जातीने येताहेत, आणि वाट आपल्या अंगणातूनच जाते. तरी वाळूचा ढीग गवताखाली झाकावा आणि मी ऑक्टोबरात कड्यावर गेलो होतो असं म्हणावं. मामींना खोटं जमत नाही. त्यांनी नुसतं खोकावं.

आणखी ता. क. ढीग झाकू नये. पाकीट चिकटवायच्या आत मी बाईंना सगळं सांगून आलो. त्या ओरडल्या नाहीत. केकचा रिकामा डबा धूत होत्या, तो धूत राहिल्या.

“तुला कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

“सोमवारी.”

“मग मंगळवारी दोन तुकडे कसे खाल्लेस?”

केक चांगला झाला होता, एवढंच मला सुचलं. गुरुवारचं वाचन त्यांनी रद्द केलं आहे. मला काढलेलं नाही. काढलं तर नवा दगड सात पाण्यांनी धुणार कोण, म्हणाल्या.

शेवटचा ता. क. बाई तरीही शनिवारी येताहेत, एकट्या. त्यांची छोटी गाडी नदीत उतरणार नाही आणि त्या मदत मागणार नाहीत, तेव्हा आपण ट्रॅक्टर काढावा, सहज तिकडेच निघालो होतो असं दाखवून. मी दिवस मोजले. दगड सोमवारी भट्टीत गेला, तर सात महिने जूनअखेर भरतात. त्यानंतर बाईंना एक महिना उरतो. पांढरे कण त्यांच्या वारसाने नव्हे, त्यांनीच पाहावेत असं मला फार वाटतं, मामा.