अखंड दीड तास

सोमवार, ४ मार्च
प्रेसमध्ये सगळ्यांना बसवून ‘फ्लो’वर व्याख्यान. वक्ता तिशीतला, बूट चकचकीत. म्हणे, माणूस कामात पूर्ण बुडाला की काम तिपटीने होतं. अट एकच : अखंड दीड तास, मध्ये कोणाचा आवाज नको. बत्तीस वर्षं प्रुफं तपासते आहे. मला हे उपजतच येतं, फक्त लोक येऊ देत नाहीत. उद्यापासून सुरू.

मंगळवार, ५ मार्च
१०.१०. फोन ड्रॉवरमध्ये. दार लावलं. बसले.
१०.१४. फ्लो तुटला. कारण कानामात्रा. आमच्या विभागातला दुसरा माणूस. तो मूळ प्रत मोठ्याने वाचतो, मी प्रुफावर खुणा करते. वाचतो म्हणजे सगळंच वाचतो : “शिक्षक, शि ऱ्हस्व, स्वल्पविराम, पूज्य, पू दीर्घ, पूर्णविराम.” म्हणून हे नाव. एकवीस वर्षं ऐकते आहे. मनात वाचा, म्हटलं. म्हणाला, “मनात वाचलं तर तुम्हाला कसं ऐकू येणार, बाई?” विचार करायची सवयच नाही.

गुरुवार, ७ मार्च
घरी सराव. ह्यांना बजावलं, दीड तास हाक मारायची नाही. चाळीस मिनिटं उत्तम तंद्री लागली. हे म्हणाले, घोरत होतीस. तंद्री आणि झोप यांतला फरक ह्यांना चौतीस वर्षांत कळलेला नाही.

सोमवार, ११ मार्च
साहेबांना अहवाल दिला. एक पान, मुद्देसूद. या विभागात काम एकाच माणसाचं आहे, दुसरा नुसता आवाज. कानामात्राच्या निवृत्तीला आठ महिने उरलेत आणि मुलगी अजून शिकते आहे, हे मला ठाऊक आहे. पण भावना वेगळ्या, काम वेगळं. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. म्हणाले, “बघू. तूर्त एकट्या करून दाखवा.” कानामात्राची रवानगी गोदामात, गठ्ठे बांधायला. जाताना म्हणाला, “बाई, शीर्षकं जपा. तिथे कोणी बघत नाही.” मी मान वर केली नाही. सराव म्हणून.

शुक्रवार, १५ मार्च
लागला. फ्लो लागला. एका शाळेची पन्नास वर्षांची स्मरणिका, दोनशे आठ पानं, तीन दिवसांत हातावेगळी. मजकूर डोळ्यांपुढून पाण्यासारखा वाहिला. एकोणिसाव्या पानानंतर लाल पेन उचलावंच लागलं नाही. इतकं निर्दोष कंपोझिंग आयुष्यात पाहिलं नव्हतं. कंपोझ करणाऱ्या मुलीचं मुद्दाम जाऊन कौतुक केलं. तिचा चेहरा पडला. कौतुकाची सवय नसते या पोरींना.

मंगळवार, २६ मार्च
स्मरणिकेत निवृत्त मुख्याध्यापकांवर लेख आहे. शीर्षक ‘विद्यार्थिप्रिय शिक्षक’. छापलं गेलं ‘विद्यार्थिनीप्रिय शिक्षक’. एक ‘नी’ जास्त, त्याचा केवढा गवगवा. प्रकाशन झालं, मंचावर प्रती वाटल्या, आणि मुख्याध्यापकांची बायको मंचावरून उतरून थेट माहेरी गेली. साहेब म्हणाले, “बोटाएवढं अक्षर दिसलं नाही तुम्हाला?” मी शांतपणे समजावलं की फ्लोमध्ये माणूस अक्षर वाचत नाही, आशय वाचतो, आणि आशय बरोबर होता. साहेब म्हणाले, “हो, त्या शाळेतले लोकही आता तेच म्हणताहेत.”
आणखी एकशे चौदा चुका निघाल्या आहेत म्हणे. ज्याला शोधायच्याच आहेत त्याला सापडतातच.

सोमवार, १ एप्रिल
साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझा अहवाल. म्हणाले, पटला. या विभागात काम एकाच माणसाचं आहे. “त्यांना गोदामातून वर बोलावलंय. मोठ्याने वाचतील आणि स्वतःच खुणा करतील.” अहवाल इतका नीट वाचला गेला, याचं समाधान आहे. निरोपसमारंभ अजिबात नको, असं निक्षून सांगितलं. साहेब म्हणाले, ठरलेला नव्हताच.
ड्रॉवर रिकामा केला. कानामात्रा दाराशी उभा होता, मी बाहेर पडेपर्यंत खुर्चीवर बसला नाही. शेवटपर्यंत संथ.

शुक्रवार, ५ एप्रिल
हे सकाळीच वाचनालयात गेले, आपण होऊन. एकदाची हवी तशी परिस्थिती मिळाली.
९.००. दार बंद. फोन दुसऱ्या खोलीत. बसले. संपूर्ण शांतता.
९.०६. फोन बघून आले. चालू आहे.
९.२०. पुन्हा बघितला. चालू आहे.
१०.२५. बेल वाजली. धावतच गेले. पार्सलवाला. पत्त्यात तीन चुका होत्या : एक वेलांटी, एक उकार आणि एक अनुस्वार. एकेक बोट ठेवून दाखवल्या, नियमासकट. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “पण पोचलं ना, मॅडम?”
तो गेला. दार लोटलेलंच ठेवलं आहे, कडी लावलेली नाही.